कोजागिरीला गच्चीवर का जमतो आपण

दरवर्षी आश्विन लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीच चर्चा सुरू होते, दूध किती लिटर सांगायचं, सोबत भेळ की बटाटेवडे, वर्गणी घरटी की माणशी. आणि दरवर्षी कुणीतरी लिहितंच की आता कोजागिरीची नुसती पार्टी झालीये, पूर्वी हे व्रत होतं. मला हे वाक्य खटकतं, कारण जुने श्लोक काढून बघितले तर हे व्रतच मुळात चार लोक जमवायचं आहे, घरच्यांना सोयऱ्यांना बोलवा, खायला घाला आणि रात्रभर खेळत जागे रहा, इतकं सरळ सांगितलंय त्यात.

नावाचा अर्थ तर सगळ्यांना माहीत असतो. को जागर्ति, कोण जागं आहे, असं विचारत लक्ष्मी मध्यरात्री फिरते. श्लोकातले शब्द आहेत 'निशीथे वरदा लक्ष्मीः को जागर्तीति भाषिणी'. पण त्याच्या पुढचं फार कुणी सांगत नाही. देवी धन कुणाला देणार तर जो जागा राहून फासे खेळतोय त्याला! आणि खायचं काय तर नारळ आणि पोहे. १६ व्या शतकात बंगालमध्ये रघुनंदन भट्टाचार्यांनी लिहिलेल्या तिथितत्त्व या ग्रंथात हा विधी येतो, 'नारिकेलैश्चिपिटकैः' म्हणजे नारळ आणि पोह्यांनी पितर आणि देव यांची पूजा करायची, मग 'बन्धूंश्च प्रीणयेत्तेन', त्याच नारळ पोह्यांनी आप्तांना तृप्त करायचं आणि मग स्वतः तेच खायचं. शिवाय नारळाचं पाणी पिऊन जागायचं. म्हणजे पेय आहे, घरचं खाणं आहे, पाहुणे आहेत, खेळ आहे. यजमानाचा नंबर शेवटी, हे मला त्यात सगळ्यात आवडतं.

आता नारळ पोहेच का, तर आश्विनात हळवं म्हणजे लवकर पिकणारं भात कापून घरात आलेलं असतं आणि नव्या भाताचा पहिला पदार्थ म्हणजे पोहे. कोकणात याच पौर्णिमेला नवान्न पौर्णिमा किंवा नव्याची पुनव म्हणतात, भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, कुर्डूची फुलं आंब्याच्या पानात बांधून दाराला लावतात, त्याला नुसतं नवं म्हणायचं. नवं बांधल्याशिवाय नवा तांदूळ खायचा नाही अशी पद्धत. तर जे शेतात आलंय ते आधी देवाला, मग माणसांना, असा तो सगळा व्यवहार आहे आणि कोजागिरी त्यातलीच रात्र.

या रात्रीचा उत्सव तिथितत्त्वापेक्षाही फार जुना आहे. कामसूत्रात नागरकांच्या, म्हणजे शहरातल्या रसिक लोकांच्या, सणांच्या यादीत 'कौमुदीजागर' असं नाव येतं आणि त्यावर टीका लिहिणारा यशोधर सांगतो की आश्विनातल्या या चांदण्यात झोपाळे आणि द्यूत असे खेळ चालायचे. विशाखदत्ताच्या मुद्राराक्षस या संस्कृत नाटकात तर अख्खा प्रसंगच यावरून आहे, शरदातल्या चांदण्याचा कौमुदीमहोत्सव पाटलिपुत्रात व्हावा अशी चंद्रगुप्ताची आज्ञा असते आणि चाणक्य तो बंद पाडतो, त्यावरून राजा आणि मंत्र्यात भांडण होतं (भांडण ठरवून केलेलं असतं ही गोष्ट वेगळी). पण विचार करा, शहरभर लोक जमतात असा सण नसता तर तो बंद करण्यावरून नाटक रंगलंच नसतं.

पुढे प्रत्येक प्रांतानं आपापल्या ताटात बदल केला. बंगालमध्ये कोजागरी लक्ष्मीपूजा घरोघर होते, नारळाचे नाडू म्हणजे लाडू आणि पोहे अजून आहेतच, ते श्लोकाला सगळ्यात जवळचे. मिथिलेत कोजगरा म्हणतात, नवीन लग्न झालेल्या मुलाकडे सासरहून मखाणे येतात आणि ते विड्यांबरोबर गावात वाटतात. गुजरातेत शरद पूनमला गरबा आणि दूध पौंआ, म्हणजे पोहे राहिले आणि त्यात दूध आलं. आपल्याकडे पोहे पण मागे पडले आणि उरलं ते आटवलेलं मसाला दूध.

दूधच का हे मी बऱ्याच जणांना विचारलं, बहुतेक जण चंद्रकिरणांत अमृत असतं ते दुधात उतरतं असं सांगतात, तो श्रद्धेचा भाग आहे आणि दुधात चंद्र बघायचा तो क्षण मलाही फार प्रिय आहे. पण मला वाटतं कारण जमिनीतही आहे. देशावर नारळ कुठे पिकतो? आणि दुसरीकडे पाऊस संपताना हिरवा चारा भरपूर असतो, म्हशी साधारण याच सुमारास वितात, ऑक्टोबरपासून दुधाचा भर सुरू होतो. कोकणातल्या माणसाकडे या दिवसात नवं भात, तसं देशावरच्या माणसाकडे दूध. म्हणजे पदार्थ बदलला तरी घरात जे भरून आलंय तेच वाटायचं, हे कायम राहिलं.

आणि दूध पण नुसतं नाही. म्हशीच्या दुधाला साय जाड येते म्हणून तेच घ्यायचं, पातेल्यात आधी थोडं पाणी फिरवायचं म्हणजे तळाला लागत नाही, मंद आचेवर सतत हलवत कडेची साय खरवडून परत दुधात सोडायची. लिटरचं पाऊण लिटर झालं की पुरे, बासुंदी करायची नाहीये, ते प्यायचं आहे. त्यात वेलची, जायफळ, कोमट दुधात खललेलं केशर, बदाम पिस्त्याचे काप आणि चारोळी. चारोळी मला वाटतं यातली खरी आपली, सातपुड्यापासून पूर्व विदर्भापर्यंतच्या जंगलात आदिवासी ती गोळा करतात, केशर काश्मीरचं आणि जायफळ मूळ पार इंडोनेशियाच्या बांदा बेटांवरचं, आता कोकणात लागवड होते. एका ग्लासात किती लांबलांबच्या गोष्टी येतात. जायफळ मात्र बेतानं घाला, जागायची रात्र आहे आणि जायफळानं झोप येते असं आमची आजी बजावायची.

हे सगळं मोठ्या पातेल्यात वीस पंचवीस लिटर करणं ही मात्र गेल्या काही दशकांतली गोष्ट आहे. मुंबईत १९४९ साली आरे कॉलनी उभी राहायला लागली, तबेले शहराबाहेर काढायचे आणि चांगलं दूध बाटलीत भरून द्यायचं ही कल्पना, पण तेव्हा दूध कार्डावर मिळायचं, ठरलेल्या बाटल्या ठरलेल्या केंद्रावरून. माझी मावशी गिरगावात चाळीत वाढली, ती सांगते की कोजागिरीच्या दिवशी प्रत्येक बिऱ्हाड आपल्या वाट्याच्या दुधातलं थोडं द्यायचं आणि ते एकत्र करून गच्चीवर आटवायचे, पोरांच्या सकाळच्या दुधाला त्या दिवशी कात्री लागायची पण कुणी तक्रार करायचं नाही. ग्लास अर्धाच मिळायचा. मग १९७० मध्ये ऑपरेशन फ्लड सुरू झालं, गावोगावचं सहकारी दूध मुंबईसारख्या महानगरांशी जोडलं गेलं, पिशव्या आल्या, कार्ड गेलं. आज डेऱ्या कोजागिरीसाठी जास्तीचं दूध आधीच बाजूला काढतात आणि आपण फोन करून कॅन मागवतो, हे आपल्याला सहज वाटतं पण मावशीला अजून नवल वाटतं.

जागा पण बदलली. पुण्यात वाड्याच्या चौकात व्हायची कोजागिरी, १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठचे कितीतरी वाडे गेले, लोक नवीन वसाहतींत गेले आणि पुढे जुने वाडे पाडून सोसायट्या झाल्या. चौक गेला, त्याची जागा कॉमन गच्चीनं घेतली. आणि ते एका अर्थी बरंच झालं कारण चौकातून चंद्र डोक्यावर आला तरच दिसायचा, गच्चीवरून तो उगवल्यापासून दिसतो.

फाशांचं काय झालं विचाराल तर ते पण आहेत. आधी सोंगट्या, मग पत्ते, मग हाऊजी आणि गाण्याच्या भेंड्या. हाऊजीचं तिकीट दहा रुपयाचं आणि पहिली ओळ लागली की पन्नास, लक्ष्मी धन देते ते असं, असं आमच्याकडच्या काकू मनापासून म्हणतात आणि जिंकलेली नोट देवापुढे ठेवतात.

विदर्भ खानदेशात याच रात्रीला अजून एक पदर आहे. भुलाबाई, काही ठिकाणी गुलाबाई, भाद्रपद पौर्णिमेला बसते आणि महिनाभर मुली घरोघर जाऊन गाणी म्हणतात, प्रत्येक घरी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा आणि मगच तो वाटायचा. कोजागिरीला तिचा शेवट. आता विचार करा, महिनाभर रोज कुणाच्या तरी घरी जमायचं आणि त्या घरानं स्वतः केलेलं काहीतरी खायचं, याच्याइतकं सुंदर नियोजन मी तरी दुसरीकडे बघितलं नाही, आणि हे सगळं बारा चौदा वर्षांच्या मुली चालवायच्या.

तारखेबद्दल एक सांगायचं राहिलं कारण त्यावरून दरवेळी घोळ होतो. कोजागिरी मध्यरात्री पौर्णिमा असेल त्या दिवशी धरतात, म्हणून कधीकधी कॅलेंडरवर पौर्णिमा दुसऱ्या दिवशी दिसते. २०२४ ला कोजागिरी १६ ऑक्टोबरला होती आणि पौर्णिमा संपली १७ ला. २०२३ ला तर २८ ऑक्टोबरच्या रात्रीच खंडग्रास चंद्रग्रहण आलं, मध्यरात्रीनंतर एकच्या सुमाराला सुरू होऊन अडीचच्या आत सुटलं. वेध दुपारपासूनच लागलेले त्यामुळे दूध प्यायचं की नाही यावर आमच्या गच्चीवर दोन तट पडले, काहींनी घेतलं, काहींनी नुसती गाणी म्हटली, पण जागे मात्र सगळे राहिले आणि ग्रहण पण बघितलं. बाहेरदेशी तर तिथीच बाजूला ठेवावी लागते, लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे, तिकडं काय किंवा अमेरिकेत काय, कोजागिरी जवळच्या शनिवारी हॉलमध्ये होते कारण ऑक्टोबरच्या थंडीत गच्ची कुठली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस असतं. माझा भाऊ तिकडे असतो, तो दूध घरून आटवून मोठ्या थर्मासमधून नेतो आणि पार्किंगमध्ये पाच मिनिटं झाकण उघडून धरतो, चंद्र दिसावा म्हणून.

आमच्याकडे दूध वाटायच्या आधी आश्विनी होते, म्हणजे घरातल्या थोरल्या अपत्याला आईनं ओवाळायचं. गच्चीवर सगळी थोरली ओळीनं बसतात, चार वर्षांच्या पोरीपासून पार आजोबांपर्यंत. मागच्या वर्षी तळमजल्यावरचे आजोबा बसले होते, वय ७८, आई जाऊन तीस वर्षं झालेली, तर त्यांना ओवाळायला धाकटी बहीण सोलापूरहून आली होती. तिनं निरांजन ओवाळलं, मग पातेल्यातला पहिला ग्लास त्यांना दिला, तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं होती.