‘आतलं सौंदर्य’ वयाला कधी चिकटलं?

वय आणि आतलं सौंदर्य असा विषय निघाला की ‘ऊस डोंगा परी रस नव्हे डोंगा’ ही ओळ हमखास येते. पण तो अभंग सुरकुत्यांबद्दल नाही. चौदाव्या शतकात पंढरपूरच्या देवळाबाहेर ठेवल्या गेलेल्या संत चोखामेळ्याने जातीवरून केलेला तो सवाल आहे. पिकल्या केसांची समजूत घालायला तो वापरलेला मला खटकतो. पुढे एकोणिसाव्या शतकात तर वरच्या म्हणवणाऱ्या जातींत विधवेचे केसच उतरवत आणि तिच्या उरलेल्या आयुष्याला सात्त्विक म्हणत. हे काम करणार नाही, असं मुंबईच्या नाभिकांनी ठरवलं ते १८९०च्या सुमारास.

आज आपण धरतो तो अर्थ रुजला १९९४ नंतर. त्या वर्षी मिस युनिव्हर्स आणि मिस वर्ल्ड हे दोन्ही सौंदर्यस्पर्धांचे मुकुट भारतात आले. अंतिम फेरीतली उत्तरं घरोघरी ऐकली गेली आणि ‘नुसतं रूप नव्हे, विचारही’ हे बोलणं रूढ झालं. बोलणाऱ्या होत्या मात्र विशीच्या आगेमागे असलेल्या मुली.

यातल्याच मिस युनिव्हर्स स्पर्धेने २०२४ पासून २८ वर्षांची कमाल वयोमर्यादा काढली. त्याआधी वर्षभर विवाहितांना आणि आयांना दार उघडलं होतं. हा आतल्या सौंदर्याचा विजय आहे, असं अनेकांनी लिहिलं. मला ते पटत नाही. स्विमसूटची फेरी तशीच राहिली, म्हणजे मोजपट्टी शरीराचीच. त्या वर्षी मेक्सिकोत चाळिशीची एक स्पर्धक उतरली. मुकुट गेला २१ वर्षांच्या मुलीकडे. तरीही निर्णय लहान नाही. अठ्ठाविशीनंतर बाई सुंदर म्हणून गणली जाणार नाही, हे इतकी वर्षं नियमातच लिहिलेलं होतं. ते पुसलं गेलं याचं मोल मी कमी मानणार नाही.

आपल्याकडे याहून खोल बदल २०२०च्या लॉकडाऊनमध्ये झाला, असं मला वाटतं. पार्लरं बंद होती, मुळांशी पांढरी रेघ दिसू लागली. पार्लरं उघडल्यावर बहुतेकींनी पुन्हा रंग लावला, काहींनी नाही. माझ्या ओळखीतल्या अशा बायका त्याला आतलं सौंदर्य वगैरे म्हणत नाहीत. ‘आरशात आता मीच दिसते,’ एवढंच म्हणतात.