डॅशबोर्डवरचे ओरखडे आणि गोव्याची धूळ

गोव्यातल्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर बसणारी धूळ सगळीकडे सारखी नसते. डिचोली किंवा सांगे भागातल्या खाणपट्ट्यातून ये-जा करणाऱ्या गाडीत ती तांबूस आणि पिठासारखी बारीक असते, तर मिरामार-कळंगुटच्या किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत पायांना चिकटून आलेली वाळू आणि वाऱ्याबरोबर आलेले मीठ सापडते. डॅशबोर्डवर चरे का पडतात, याचे उत्तर हातातल्या फडक्यापेक्षा या धुळीत अधिक आहे.

खनिजांचा टणकपणा पडताळण्यासाठी जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रेडरिक मोस यांनी १८१२ साली १ ते १० अशी श्रेणी मांडली. या श्रेणीत वरच्या क्रमांकाचा पदार्थ खालच्या क्रमांकाच्या पदार्थावर ओरखडा काढतो. वाळूतल्या क्वार्ट्झचा क्रमांक ७ आहे आणि जांभ्याला तांबडा रंग देणाऱ्या हेमॅटाइटचा ५.५ ते ६.५, आपले नख साधारण २.५ वर येते आणि डॅशबोर्डचे प्लॅस्टिक त्याच्याच आसपास असते. त्यामुळे कोरडे फडके दाबून फिरवले की मध्ये सापडलेला कण प्लॅस्टिकमध्ये रुततो आणि हाताबरोबर फरफटत जातो. मीठ निदान पाण्यात विरघळते. वाळू विरघळत नाही.

ओरखडा किती उठून दिसेल, हे मात्र पृष्ठभागावर अवलंबून असते. बहुतेक खडबडीत डॅशबोर्ड पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि त्यात कडकपणासाठी शंखजिऱ्याची पूड, म्हणजेच टाल्क, मिसळलेली असते. काही टोकदार वस्तू त्यावरून गेली की टाल्कच्या कणांभोवतीचे प्लॅस्टिक ताणले जाऊन सूक्ष्म पोकळ्या तयार होतात, त्यांवर प्रकाश विखुरतो आणि काळ्या डॅशबोर्डवर पांढरी रेघ उमटते. गिअरभोवतीचा चकचकीत काळा भाग आणि वेगदर्शकावरची पारदर्शक काच (ती खरे तर ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटची असते) यांची अवस्था त्याहून नाजूक असते, कारण आरशासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर केसाएवढा चराही उन्हात चमकतो. असे काळे चकचकीत भाग हौसेने बसवणाऱ्यांनी ते कधी स्वतः पुसले असतील, असे वाटत नाही.

म्हणून आधी कण उचलायचे आणि मगच पुसायचे. मऊ केसांच्या ब्रशने धूळ सैल करत शेजारीच व्हॅक्यूमची नळी धरावी. एसीच्या जाळ्यांत आणि शिवणींत हाच उपाय चालतो. त्यानंतर मायक्रोफायबरचे फडके पाण्यात भिजवून घट्ट पिळावे आणि दाब न देता, घड्या बदलत, एकाच दिशेने फिरवावे. या फडक्याचा तंतू इतका बारीक असतो की त्याच्या ९००० मीटर लांबीचे वजन एका ग्रॅमपेक्षाही कमी भरते. अशा असंख्य तंतूंच्या फटींत कण अडकतात. तेच फडके फॅब्रिक सॉफ्टनरमध्ये धुतले तर तंतूंवर थर बसतो आणि हा गुण कमी होतो. टिश्यू पेपर चकचकीत भागावर वापरूच नये.

तेलकट डागांसाठी पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब पुरतात. खिडकीच्या काचेसाठी मिळणारे अमोनियायुक्त द्रव ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटवर मारू नये. त्यांनी पृष्ठभाग धुरकट होऊ शकतो किंवा त्याला बारीक तडे जाऊ शकतात. फवारा थेट डॅशबोर्डवर मारण्याऐवजी फडक्यावर मारला, तर बटणांच्या फटींत पाणी उतरत नाही. सिलिकॉनची चमक आणणारी पॉलिश दसऱ्याच्या पूजेपुरती शोभून दिसते, पण तिचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडून डोळे दिपतात. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवर कोणतेही द्रव लगेच सुकून डाग ठेवते, त्यामुळे हे काम सावलीतच करावे.

आधीच पडलेल्या चऱ्यांपैकी चकचकीत भागावरचे उथळ चरे प्लॅस्टिकच्या पॉलिशने बरेच कमी होतात. खडबडीत भागावर तीच पॉलिश घासली, तर पोत सपाट होऊन ओरखड्याच्या जागी चमकणारा डाग उरतो.