सगळ्यांचं करणारी आणि सगळ्यांना करू देणारी

महिला दिन जवळ आला की पुरस्कारांच्या शिफारशी लिहिल्या जातात. 'माणसं जोडणारं नेतृत्व' या सदरात एका बाईंचं नाव येतं आणि खाली कारणं येतात: सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवतात, रुसवेफुगवे मिटवतात, नव्याला सांभाळून घेतात, टीमच्या जणू आईच आहेत. बाई खरोखरच चांगल्या असतात आणि लिहिलेला शब्द न् शब्द खरा असतो. पण हे वर्णन नेतृत्वाचं नाही. खरं जोडणारं नेतृत्व जिथे चाललेलं असतं, तिथल्या बाईंना मात्र 'हुशार आहेत, पण जरा अलिप्त' असा शेरा मिळतो. हा घोळ वर्षानुवर्षं तसाच चालू आहे, आणि त्यात दोघींचंही नुकसान होतं.

सगळ्यांचं करणारी तुम्हाला माहीत आहे. निरोप समारंभाची वर्गणी ती गोळा करते, मीटिंगचे मिनिट्स ती लिहिते, कोणाचं कोणाशी बिनसलंय हे तिला आधी कळतं. तिच्याबद्दल याहून जास्त सांगायची गरज नाही.

या दोघींमधले काही फरक उगाच मोठे केले जातात. एक मवाळ आणि दुसरी कडक, एक बोलकी आणि दुसरी मितभाषी, एकीकडे पद आणि दुसरीकडे नाही. यांतलं काहीही निर्णायक नाही. दोघीही ऐकण्यात तरबेज असतात आणि दोघींनाही माणसांची खरीखुरी कळकळ असते.

खरा फरक एकच आहे, आणि तिथेच बहुतेकांची गल्लत होते: नातं कोणाकोणात तयार होतंय आणि निर्णय कोणाच्या हातात जातोय?

सगळ्यांचं करणाऱ्या बाईंच्या टीममध्ये प्रत्येकाचं नातं बाईंशी असतं. विक्रीवाले आणि हिशेबवाले एकमेकांशी धड बोलत नाहीत, पण दोघंही बाईंशी बोलतात. बाई इकडचं तिकडे नेतात, वाटेत शब्द सौम्य करतात, काम होतं. बाहेरून हे जोडणं वाटतं. पण बाई पंधरा दिवस रजेवर गेल्या की दोन्ही टेबलांमधली शांतता उघडी पडते.

दुसऱ्या प्रकारच्या बाई हा निरोप्याचा रोल स्वीकारतच नाहीत. 'तुमचं म्हणणं मी पोचवणार नाही, आपण तिघं बसू,' असं म्हणतात. पहिल्या बैठकीत अवघडलेपण असतं आणि आवाजही चढतो. तिसऱ्या बैठकीला बाई जात नाहीत. चौथी झाली हे त्यांना नंतर कळतं, आणि याचं त्यांना वाईट वाटत नाही. अलिप्तपणाचा शेरा इथूनच येतो, कारण जोडण्याचं काम पूर्ण झालं की जोडणारी दिसेनाशी होते.

अमेरिकेतल्या समाजकार्यकर्त्या आणि व्यवस्थापनाच्या विचारवंत मेरी पार्कर फॉलेट (1868–1933) यांनी हा फरक शंभर वर्षांपूर्वी स्पष्ट मांडला. बॉस्टनमधल्या शाळांच्या इमारती संध्याकाळी वस्तीतल्या लोकांसाठी खुल्या करण्याच्या कामात त्यांची अनेक वर्षं गेली. पुढे त्या उद्योजकांपुढे व्याख्यानं देऊ लागल्या. एखाद्यावर चालवायची सत्ता आणि एखाद्यासोबत मिळून उभारायची सत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचं खिडकीचं उदाहरण मला अजून कोणी मागे टाकलेलं दिसत नाही. ग्रंथालयाच्या लहानशा खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेटना बंद. अर्धी उघडून दोघांनाही अर्धवट नाराज ठेवता आलं असतं. पण त्याला मोकळी हवा हवी होती आणि यांना अंगावर येणारा वारा नको होता. म्हणून शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. भांडण मिटवणारी व्यक्ती अर्ध्या खिडकीवर थांबते. माणसं जोडणारी व्यक्ती दोघांनाही आपल्याला नेमकं काय हवंय ते बोलायला लावते, आणि त्यासाठी मतभेद थोडा वेळ उघडा राहू देते.

म्हणूनच 'आमच्याकडे कधी वाद होत नाहीत' हे वाक्य कौतुक म्हणून ऐकलं की मला काळजी वाटते. टीम कशा काम करतात याच्या अमेरिकी अभ्यासक एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या. त्यांनी लावलेला अर्थ असा की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, चुकांबद्दल मोकळेपणी बोललं जात होतं. 1999 च्या त्यांच्या शोधनिबंधापासून 'मानसिक सुरक्षितता' ही संकल्पना सर्वत्र पोचली, आणि पोचता पोचता तिचा अर्थ 'सगळ्यांशी गोड वागणं' असा झाला. हा अर्थ साफ चुकीचा आहे. वरिष्ठाला 'हे चुकतंय' असं सांगता येणं म्हणजे ती सुरक्षितता.

आता निर्णयाकडे येऊ. एप्रिल 1960 मध्ये अमेरिकेतल्या रॅले इथे नागरी हक्क चळवळीतल्या कार्यकर्त्या एला बेकर यांनी वर्णभेदाविरुद्ध धरणं धरणाऱ्या विद्यार्थ्यांची परिषद बोलावली. त्या तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेत काम करत होत्या. विद्यार्थ्यांनी त्याच संघटनेची युवा शाखा व्हावं, असं तिथल्या नेत्यांना वाटत होतं. बेकरबाईंनी विद्यार्थ्यांना स्वतंत्र राहून स्वतःचं स्वतः ठरवायला प्रोत्साहन दिलं. त्यातून विद्यार्थ्यांची वेगळी संघटना उभी राहिली. सगळ्या मुलांना मायेने आपल्या पंखाखाली घेणं जास्त सोपं होतं, आणि त्यांचं नावही जास्त झालं असतं.

इला भट्ट यांच्या 'सेवा' संस्थेच्या इतिहासातही हे वळण स्पष्ट दिसतं. 1972 मध्ये अहमदाबादेत सुरू झालेली ही कष्टकरी बायकांची संघटना आधी सभासदांना राष्ट्रीयीकृत बँकांतून कर्ज मिळवून द्यायला मध्यस्थी करत होती. हे 'करणं' होतं, आणि उपयोगाचंही होतं. 1974 मध्ये सभासदांची स्वतःची सहकारी बँक उभी राहिली आणि त्या बायका बँकेच्या मालक झाल्या. सक्षमीकरण हा शब्द मी अशाच जागी वापरते. कोणाचं काम आपण करून दिलं, तर ती मदत झाली. मदतही मोलाचीच, पण तिला मदतच म्हणावं.

दोन्हींत गल्लत केल्याची किंमत बायकांना मोजावी लागते. अर्थतज्ज्ञ लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांच्या 2017 च्या संशोधनात, ज्या कामांनी बढती मिळत नाही अशा कामांची विनंती केल्यावर पुरुषांनी 51 टक्के वेळा होकार दिला, स्त्रियांनी 76 टक्के वेळा. शिवाय विनंतीही स्त्रियांनाच जास्त वेळा झाली. गटात फक्त पुरुष असले की तेही पुढे येत होते, त्यामुळे हा 'बायकांचा स्वभाव' असतो हे म्हणणं टिकत नाही. त्याआधी 2005 मध्ये मॅडलिन हाइलमन आणि ज्युली चेन या संशोधकांना आढळलं होतं की सहकाऱ्याला मदत केल्यावर पुरुषाचं मूल्यमापन वाढतं, स्त्रीचं वाढत नाही. तिने नकार दिला तर मात्र तिचं घटतं. म्हणजे सगळ्यांचं करणाऱ्या बाईंना 'टीमची आई' म्हणून टाळ्या मिळतात आणि अप्रेझलमध्ये त्या कामाला जागाच नसते. ही उपाधी कार्यालयातून हद्दपार व्हावी, असं माझं ठाम मत आहे.

एकच बाई दोन्ही असू शकत नाहीत का? असतात, पुष्कळदा असतात. पण शिफारशीत नेमकं काय लिहायचं हे ठरवताना त्यांच्या हाताखालच्या लोकांना दोन गोष्टी विचारा. आधी बाई घेत असत असा कोणता निर्णय वर्षभरात तुम्ही स्वतः घेऊ लागलात? आणि आधी बाईंमार्फत बोलत होतात अशा कोणाशी तुम्ही आता थेट बोलता? उत्तरात माणसांची नावं आणि कामं आली, तर तीच शिफारशीत उतरवा. नाही आली, तर त्या बाईंच्या मदतीचे आभार माना, ते काम अप्रेझलमध्ये नोंदवा, आणि मिनिट्स व वर्गणी पुढच्या महिन्यापासून सगळ्यांमध्ये पाळीने लावा.