पाळीचं दुखणं आणि त्याआधीचे दिवस: शेकाच्या पिशवीसोबतचं माहितीपत्रक

आमची शेकाची पिशवी घेतल्याबद्दल आभार. ग्राहक फोनवर जे विचारतात ते बहुतेकदा पिशवीबद्दल नसतंच, दुखण्याबद्दल असतं. म्हणून हे पत्रक जरा मोठं झालं आहे.

कळ का येते

पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू आवळले जातात, तिथला रक्तपुरवठा तेवढ्यापुरता घटतो आणि ओटीपोटात कळ उठते. कंबर धरते, मांड्या भरून येतात. हीच रसायनं आतड्यांनाही ढवळतात, म्हणून कुणाला मळमळ होते, कुणाला जुलाब. पहिल्या एक-दोन दिवसांत त्यांचा जोर सर्वांत जास्त असतो. घरातली मुलगी कळवळते तेव्हा ती उगाच करते असं कृपा करून कुणी म्हणू नये.

शेक कसा घ्यावा

2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ओटीपोटावर दिवसभर सुमारे 39 अंश सेल्सिअस ऊब देणाऱ्या पट्ट्याने आयबुप्रोफेनच्या गोळ्यांइतकाच आराम दिला. 39 अंश म्हणजे अंगाला सुखावेल एवढंच कोमट. जितकं कढत तितका गुण जास्त, ही समजूत सोडून द्या.

उकळतं पाणी पिशवीत कधीही ओतू नका. पिशवी दोन तृतीयांश भरा, हवा काढून झाकण घट्ट लावा, वर कापडी खोळ हवीच. पंधरा-वीस मिनिटं शेकून थोडं थांबा. पिशवीवर पालथं झोपू नका आणि ती कुशीत घेऊन रात्र काढू नका. वेदनाशामक मलम चोळलेल्या जागी शेक दिला तर त्वचा भाजू शकते. एकाच जागी वारंवार फार गरम शेक घेतल्यास जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात. ते दिसले तर शेक थांबवा. रबराला भेगा पडल्या की पिशवी टाकून द्यावी, चिकटवून वापरू नये.

गोळी घ्यायची तर वेळेवर

आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, नॅप्रोक्सेन ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होण्यालाच अडवतात. त्यामुळे दुखणं असह्य होईपर्यंत कळ काढत बसलात तर गोळीचा गुण कमी येतो. कळ किंवा रक्तस्राव सुरू होताच, काहीतरी खाऊन, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात घ्या. यातल्या दोन गोळ्या एकत्र घेऊ नका. या गोळ्यांची सवय लागत नाही. मात्र पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा असेल, दिवस गेल्याची शक्यता असेल, तर आधी विचारा.

पाळीच्या आधीचे दिवस

चिडचिड, रडू येणं, छाती जड होऊन दुखणं, पोट फुगणं, झोप बिघडणं. हे सारं पाळीच्या आधीच्या आठवड्या-दोन आठवड्यांत सुरू होतं आणि पाळी आल्यावर काही दिवसांत ओसरतं. दोन महिने रोज एक ओळ लिहून ठेवा: आज काय झालं, किती झालं. त्रास पाळीशी बांधलेला आहे की महिनाभर पसरलेला, हे त्यातून कळतं आणि उपचारही त्यावरच ठरतात. नियमित व्यायामाने अनेकींना बरं वाटतं. बी-6 जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या मनाने महिनोन्महिने घेऊ नका, नसांना इजा होऊ शकते. मन इतकं खचत असेल की काम, नाती, जगणंच नकोसं वाटावं, तर त्यावर परिणामकारक औषधं आहेत. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. जीव द्यावासा वाटला तर पाळी येण्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी मदत घ्या.

आमची पिशवी पुरणार नाही तेव्हा

वर्षानुवर्षं साधी असलेली पाळी अचानक दुखू लागली, दुखणं दर महिन्याला वाढत गेलं, पाळी नसतानाही दुखलं, संबंधाच्या वेळी किंवा शौचाला दुखलं, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. दर तासाला पॅड भिजत असेल तरी जा. पाळी चुकली आहे आणि पोटात जोराने दुखतं आहे, किंवा दुखण्यासोबत ताप आहे, तर त्याच दिवशी.

पाळीच्या वयातल्या साधारण दहांतल्या एकीला एंडोमेट्रिओसिस असतो, म्हणजे अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. त्याचं निदान होण्यात कित्येकींची वर्षं जातात. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी हा आजार असू शकतो. तेव्हा रिपोर्ट चांगला आहे म्हणून दुखणं सोसत राहू नका. नोंदींची वही घेऊन पुन्हा जा, गरज पडल्यास दुसऱ्या डॉक्टरांकडे.