मुक्त साहित्य (बालशिक्षण)

ज्या वस्तूचा उपयोग आधीपासून ठरलेला नसतो, जी एका मुलाच्या हातात पूल होते आणि दुसऱ्याच्या हातात झोपलेले बाळ, अशा वस्तूंना बालशिक्षणात मुक्त साहित्य म्हणतात. लाकडी ठोकळे, वाळू, पाणी, माती, कापडाचे तुकडे, दोऱ्या, खोकी, गोटे, शिंपले, पुठ्ठ्याची नळकांडी ही त्याची नेहमीची उदाहरणे. याउलट जोडचित्राचे किंवा खाचेत बसवायच्या आकारांचे उत्तर एकच असते आणि ते सापडले की काम संपते. असे साहित्य बंद समजले जाते. साधारणपणे ३ ते ६ वर्षे वयाच्या मुलांचा खेळाधारित वर्ग मुक्त साहित्याभोवती मांडतात.

‘खुले’ (म्हणजेच मुक्त) आणि ‘बंद’ ही जोडी बालशिक्षणात रूढ होण्यात अमेरिकन संशोधक एलिझाबेथ प्रेस्कॉट यांच्या कामाचा वाटा मोठा दिसतो. मुलांच्या केंद्रांचे निरीक्षण करताना त्यांनी परिसराची जी परिमाणे वापरली त्यांत मऊ–कठीण, साधे–गुंतागुंतीचे यांच्याबरोबर खुले–बंद हेही होते. त्यांच्या मांडणीत ही दोन वेगळी खाती नाहीत, एकाच पट्टीची दोन टोके आहेत, आणि बरेचसे साहित्य त्या पट्टीवर मध्येच कुठेतरी बसते. पुढच्या लेखनात ही बाब अनेकदा सुटते आणि वस्तूंची सरळ दोन याद्यांत वाटणी केली जाते.

उगम : मुक्त साहित्याचा आरंभ कोणापासून धरावा याबद्दल एकवाक्यता नाही. ठोकळे स्वतः जुने आहेत. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६९३ मध्ये अक्षरे चिकटवलेल्या फाशांनी वाचन शिकवावे असे सुचवले होते. तेथे ठोकळा हे अक्षर शिकवण्याचे साधन होते. लेखिका मारिया एजवर्थ आणि त्यांचे वडील रिचर्ड लोवेल एजवर्थ यांनी १७९८ च्या ग्रंथात दिखाऊ खेळण्यांऐवजी रचता-मोडता येतील असे निरनिराळ्या आकारांचे लाकडाचे तुकडे, चाके, कप्प्या आणि दोऱ्या मुलांना द्याव्यात असे म्हटले. कल्पना म्हणून मुक्त साहित्याचे हे बरेच स्पष्ट रूप आहे. त्यावर वर्ग मात्र उभा राहिला नाही.

बहुतेक संदर्भग्रंथ हा मान जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांना देतात. त्यांनी १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. त्यांच्या ‘देणग्यां’पैकी (मुलांना क्रमाने द्यायच्या खेळवस्तूंच्या संचांपैकी) तिसरी म्हणजे आठ छोट्या घनांत विभागलेला एक घन, तर चौथी त्याच घनाच्या आठ विटा. प्रत्येक वीट २ × १ × ½ इंच, म्हणजे ४ : २ : १ या प्रमाणात. या तुकड्यांतून जीवनातील वस्तूंची, सौंदर्याची आणि ज्ञानाची अशा तीन प्रकारची रूपे करायची असत. पण प्रत्येक रचनेत सगळे तुकडे लागले पाहिजेत, आणि आधीची रचना न उधळता तिच्यातूनच पुढची घडवली पाहिजे, असे दंडक होते. फ्रोबेल यांच्या पश्चात शिष्यवर्गाने ते आणखी आवळले. चौकटी आखलेल्या टेबलाशी बसून सगळ्या मुलांनी शिक्षिकेच्या सांगण्याप्रमाणे एकच आकृती करायची, येथपर्यंत गोष्ट आली.

दुसरे मत अमेरिकन शिक्षिका कॅरोलिन प्रॅट यांच्याकडे बोट दाखवते. त्यांनी सु. १९१३–१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या शाळेत (ती पुढे ‘सिटी अँड कंट्री स्कूल’ म्हणून ओळखली जाऊ लागली) एकक ठोकळे (एकाच मूळ मापावर बेतलेले ठोकळे) वापरात आणले. मूळ एकक ५.५ × २.७५ × १.३७५ इंच, म्हणजे अंदाजे १४ × ७ × ३.५ सेंमी. त्याच्या अर्ध्या, दुप्पट आणि चौपट लांबीचे ठोकळे, त्रिकोण, वृत्तचिती आणि कमानी त्याच मापाशी जुळवलेल्या असतात. दोन अर्धे मिळून एक एकक होते, हे मूल सांगितल्याशिवाय हाताने ताडते. अमेरिकन बालशिक्षणतज्ज्ञ पॅटी स्मिथ हिल यांनी त्याआधी खांब, चाके व सळ्यांसह मोठे ठोकळे तयार केले होते. मुलांना आत शिरता येईल एवढे घर त्यांतून बांधता येई. प्रॅट यांनी हिल यांच्या वर्गातील ठोकळ्यांचा खेळ पाहिला होता. त्यामुळे एकक ठोकळ्यांचे किती श्रेय कोणाचे, हे काटेकोरपणे वेगळे काढणे कठीण आहे.

येथे एक तपशील नजरेत भरतो. प्रॅट यांच्या एककाचे प्रमाणही ४ : २ : १ आहे, नेमके फ्रोबेल यांच्या चौथ्या देणगीतील विटेचे. वंशावळ त्यावरून सिद्ध होत नाही, कारण बांधकामाच्या विटेचे सोयीचे प्रमाणही याच्या जवळपास जाते. पण एकाच प्रमाणाचा तुकडा टेबलावर हुकुमाने मांडला तेव्हा कवायत झाला, आणि जमिनीवर वाढत्या आकारात, मोठ्या संख्येने, वेळ देऊन ठेवला तेव्हा शहर, गोदी आणि रेल्वेचे रूळ झाला. ‘मुक्त’पणा वस्तूच्या घडणीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, ती कशी मांडली जाते आणि तिच्याशी काय करू दिले जाते यात असतो, हे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते. तसे मानल्यास वर्गातील मुक्त साहित्याचा आरंभ प्रॅट व हिल यांच्या काळात धरणे उचित ठरते, आणि फ्रोबेल यांच्याकडे साहित्याच्या घडणीचे श्रेय राहते.

‘सुटे भाग’, म्हणजे मुलांना हलवता, जोडता व बदलता येणाऱ्या वस्तू, हा मुक्त साहित्याचा आणखी एक प्रवाह. तो वर्गाबाहेरून आला. डॅनिश भूदृश्यरचनाकार कार्ल थिओडोर सोरेन्सन यांच्या लक्षात आले होते की आपण आखलेल्या क्रीडांगणांपेक्षा मुले बांधकामाच्या जागी जास्त रमतात. त्यांच्या कल्पनेतून १९४३ मध्ये, जर्मन अंमलाखालच्या कोपनहेगनमध्ये, एम्ड्रुप येथे मोडक्या सामानाचे क्रीडांगण उभे राहिले. ब्रिटिश कलावंत सायमन निकल्सन यांनी १९७१ मध्ये या विचाराला सिद्धांताचे रूप दिले. परिसरातील सर्जनशीलता आणि शोधाची शक्यता तेथील चलांच्या (बदलत्या घटकांच्या) संख्येच्या व प्रकारांच्या प्रमाणात असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यांच्या चलांत आकार व पदार्थांबरोबर ध्वनी, गुरुत्व, चुंबकत्व, आग, प्राणी, माणसे, शब्द आणि कल्पनाही होत्या. आज ‘सुटे भाग’ म्हणजे टोपलीतील बुचे आणि गोटे एवढाच अर्थ उरला आहे. तो मूळ विचाराला फारच तोकडा पडतो. शिवाय चले वाढवणे म्हणजे वस्तूंची गर्दी करणे, असेही काही वर्गांत घडते. एकाच जातीची दोनशे बुचे हे चल एकच. त्यांच्याशेजारी पाण्याची परात ठेवली की तरंगणे, बुडणे, भरणे, ओतणे अशी कितीतरी चले एकदम येतात.

इटलीतील रेज्जो एमिलिया येथील नगरपालिकेच्या बालशाळांनी (पहिली १९६३) शिक्षणतज्ज्ञ लोरिस मालागुत्सी यांच्या मार्गदर्शनाखाली परिसराला शिक्षकाचे स्थान दिले. तेथे १९९६ पासून ‘रेमिदा’ हे केंद्र कारखान्यांतील टाकाऊ पण निर्धोक वस्तू गोळा करून शाळांना पुरवते.

वर्गाची मांडणी : सिबिल क्रिचेव्हस्की, प्रेस्कॉट आणि वॉलिंग या संशोधकांनी १९६९ मध्ये खेळाच्या जागा मोजण्याची एक पद्धत दिली. एकच उपयोग असलेले साहित्य (उदा., तीनचाकी) साधे, ते एका मुलाला पुरते. दोन प्रकारचे साहित्य एकत्र आले (उदा., वाळू व खोरी) की ते गुंतागुंतीचे आणि चार मुलांना पुरणारे. तीन वा अधिक प्रकार एकत्र आले (वाळू, खोरी आणि पाणी) की आठ मुलांना पुरणारे. आकडे स्थूल असले तरी पद्धत फार उपयोगी आहे. वर्गातील भांडणे पुष्कळदा मुलांच्या स्वभावातून उद्भवत नाहीत. साध्या वस्तू जास्त आणि रचता येणाऱ्या कमी, या हिशेबातून ती येतात.

ठोकळ्यांचा कोपरा ये-जा होणार नाही अशा जागी, दोन बाजूंनी आडोसा असलेला आणि कमी लवेच्या सतरंजीवर असावा. जाड गालिच्यावर मनोरा डुगडुगतो. बाहुलीघर त्याला लागून ठेवले की बांधलेल्या घरात माणसे राहायला येतात, आणि आवाजाचे दोन्ही कोपरे पुस्तकांपासून दूर राहतात. रंग, माती व पाणी धुता येणाऱ्या फरशीवर, नळाजवळ. फडताळे मुलाच्या हाताला येतील इतकी बुटकी व उघडी ठेवतात. प्रत्येक ठोकळ्याच्या जागी त्याच आकाराचा कागद चिकटवला की आवरणे हेच वर्गीकरण होते. पेटाऱ्यात ओतून ठेवलेले ठोकळे उपसले जातात, निवडले जात नाहीत.

संख्या हा कळीचा मुद्दा आहे. दहा प्रकारांचे पाच-पाच नग ठेवण्यापेक्षा एका प्रकाराचे पन्नास नग मुलांना दूर नेतात, कारण पुलाचा तिसरा कमानखांब उभा राहण्याआधीच सामान संपले तर रचना तिथेच तुटते. अमेरिकन बालशिक्षणतज्ज्ञ हॅरिएट जॉन्सन यांनी १९३३ मध्ये ठोकळ्यांच्या खेळाचे टप्पे नोंदवले : नुसते वाहून नेणे, रांगा व थर, पूल, कुंपण, नक्षी व सममिती, रचनेला नाव देणे, आणि शेवटी पाहिलेल्या वास्तूची प्रतिकृती. वरचे टप्पे गाठायला साहित्याइतकाच सलग वेळ लागतो. पाऊण ते एक तासाहून कमी अवधीत बहुतेक मुले मांडामांडीतच राहतात. अपुरी रचना दुसऱ्या दिवसापर्यंत राहू देण्याची सोय असावी.

प्रौढाचे काम मुख्यतः पाहणे, टिपणे आणि बेताने भर घालणे हे असते. ‘हे काय आहे?’ असे विचारले की मुलाला नाव शोधावे लागते. ‘हा लांब ठोकळा मधोमध तोलला आहेस’ असे पाहिलेले सांगितले की ते स्वतः पुढे बोलू लागते. खेळ मंदावला की आणखी खेळणे आणून देण्यापेक्षा एक उतरती फळी किंवा विजेरी ठेवणे पुरते.

सुरक्षितता : तीन वर्षांखालील मुले असलेल्या वर्गात ३१.७ मिमी. व्यासाच्या चाचणी-नळकांड्यात पूर्ण मावणारी वस्तू ठेवू नये. लहान शक्तिशाली चुंबक, बटनासारख्या बॅटऱ्या आणि पाण्यात फुगणारे मणी कोणत्याही बालवर्गात वर्ज्य आहेत. गिळल्यास ते आतड्याला किंवा अन्ननलिकेला गंभीर इजा करतात. गोळा केलेल्या वस्तूंच्या कडा, रंग व पूर्वीचा वापर तपासूनच त्या फडताळावर याव्यात.