मुलाचं यूडीआयडी सर्टिफिकेट आणि निरामय विमा: अर्ज नेमका कुठे अडकतो

ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी असं काही निदान झालेल्या मुलांच्या पालकांसोबत मी सिव्हिलला नेहमी जाते, त्यांचे फॉर्म बघते, आणि अर्ज परत आला की कारण बहुतेक वेळा मुलात नसतं, कागदात असतं. तेच तेच चार-पाच ठिकाणी गाडं अडतं म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवतेय. महाराष्ट्रापुरतं बोलतेय, पण यूडीआयडी (दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट आणि ओळखपत्र) आणि निरामय दोन्ही केंद्राचं असल्यामुळे बाकी राज्यांतही साधारण असंच आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण यात मुलांची वर्षं वाया जातात. उपचार सुरू करायला सर्टिफिकेट लागत नाही!! "आधी सर्टिफिकेट येऊ दे मग थेरपी बघू" असं म्हणत लोक थांबतात आणि तेवढ्यात अडीच वर्षांचं लेकरू चार वर्षांचं होतं. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणून केंद्र असतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं, तिथे बोलणं, चालणं, वागणं या सगळ्याची तपासणी आणि थेरपी मोफत आहे. याच कार्यक्रमाची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, त्या डॉक्टरांनी मुलाला पुढे पाठवायची चिठ्ठी दिली असेल तर ती जपून ठेवा, आणि चिठ्ठी नसेल तरी थेट सिव्हिलला जाऊन केसपेपर काढा. केसपेपरचं महत्त्व पुढे येईलच.

मग सर्टिफिकेट कशाला, तर एसटी-रेल्वेची सवलत, परीक्षेतल्या सवलती, शिष्यवृत्ती, आणि निरामय, म्हणजे थेरपीचे पैसे परत मिळवून देणारा आरोग्य विमा.

आता पात्रता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात ऑटिझम आहे, बौद्धिक अक्षमता आहे, सेरेब्रल पाल्सी आहे, अध्ययन अक्षमता (वाचन-लेखन-गणित शिकण्यातली अडचण) आहे, मानसिक आजार पण आहे. एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष न टिकणं, हे नावाने कुठेच नाही. हे ऐकून आयांचा चेहरा पडतो, कारण शाळा सांगते "सर्टिफिकेट आणा" आणि बोर्ड, म्हणजे सर्टिफिकेट देणारं सिव्हिलमधलं डॉक्टरांचं मंडळ, म्हणतं हे यादीत बसत नाही. अशा मुलाला बऱ्याचदा सोबत अध्ययन अक्षमता किंवा ऑटिझम असतो, त्याची वेगळी तपासणी करून घ्या, नुसत्या एडीएचडीच्या चिठ्ठीवर अर्ज करून परत येऊ नका. अध्ययन अक्षमतेचं सर्टिफिकेट साधारण आठ वर्षांच्या आधी होतच नाही, त्यामुळे पहिलीतल्या मुलाला घेऊन रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही. आणि बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के अक्षमता लागते, त्याच्या आतलं सर्टिफिकेट मिळालं तरी हातात फार काही पडत नाही.

फॉर्म स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन, फी शून्य. १ जून २०२१ पासून सर्टिफिकेट फक्त याच पोर्टलवरून निघतं, त्यामुळे आधीचं हाताने लिहिलेलं किंवा एसएडीएमचं, म्हणजे राज्याच्या जुन्या ऑनलाइन पद्धतीचं, असेल तर तेही इथे चढवून घ्यावं लागतं. मुलाचा फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा, आईवडिलांचं आधार, एवढंच. भरायला वीस मिनिटं. पण त्या वीस मिनिटांत जे घोळ होतात ते निस्तरायला महिने जातात.

पहिला घोळ प्रकार निवडण्याचा, आणि हा सगळ्यात महाग पडतो. फॉर्म भरून देणारा सायबर कॅफेवाला पोरगा विचारतो "काय आहे मुलाला?", आई म्हणते "डोक्याचं आहे, मानसिक", आणि तो "मानसिक आजार" वर टिक करून मोकळा. मुलाला असतो ऑटिझम. कायद्यात मानसिक आजार आणि बौद्धिक अक्षमता हे दोन स्वतंत्र प्रकार आहेत आणि ऑटिझम तिसराच. चुकीच्या प्रकाराने एक तर बोर्डाच्या दिवशी परत पाठवतात, नाहीतर त्याहून वाईट म्हणजे तसंच सर्टिफिकेट निघतं आणि मग निरामयचा अर्ज नाकारला जातो, कारण निरामय फक्त चार प्रकारांना आहे: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. मानसिक आजार त्यात नाही, अध्ययन अक्षमता पण नाही. म्हणून डॉक्टरांच्या कागदावर निदान काय लिहिलंय ते फॉर्म भरायच्या आधी वाचून घ्या, वाचता येत नसेल तर डॉक्टरांनाच विचारा की "फॉर्ममध्ये कुठला प्रकार निवडू". हा प्रश्न विचारायला लाजायचं काही कारण नाही.

दुसरा घोळ मोबाइल नंबरचा. कॅफेवाला स्वतःचा नंबर टाकतो, सगळे मेसेज आणि ओटीपी त्याच्याकडे, आणि सहा महिन्यांनी त्याने दुकान बदललेलं असतं. स्वतःच्या, चालू, आधारला जोडलेल्या नंबरशिवाय फॉर्म भरू देऊ नका.

तिसरा, नाव. जन्मदाखल्यावर "आरव संदीप", आधारवर नुसतंच "आरव", शाळेत आडनावासकट. आधी आधार दुरुस्त करा, मग फॉर्म. पाच वर्षांच्या आत काढलेलं निळं आधार असेल आणि मूल पाच पूर्ण झालं असेल तर बोटांचे ठसे अपडेट करून घ्या, तेही अडतं.

पत्त्याचं जरा नीट समजून घ्या. नियमात दोन वाटा आहेत, एक तर पत्त्याच्या पुराव्यावरचा जिल्हा, किंवा मुलाचे त्या त्रासासाठी उपचार चालू असलेलं सरकारी हॉस्पिटल. ऊसतोडीला गेलेल्या, बांधकामावर फिरणाऱ्या कुटुंबांना, सासर सोडून माहेरी आलेल्या बाईला ही दुसरी वाट फार उपयोगाची आहे, पण खिडकीवर कोणी आपणहून सांगत नाही, "आधारवर बीड आहे ना मग बीडला जा" एवढंच ऐकायला मिळतं. इथेच तो केसपेपर कामी येतो. उपचार इथे चालू आहेत हे दाखवणारे तारीखवार केसपेपर दाखवा आणि शांतपणे सांगा की नियमात हे चालतं. बाई सहा महिन्यांच्या बाळाला कडेवर आणि मोठ्याला हाताला धरून आलेली असते, तिला तीनशे किलोमीटर परत पाठवणं हे मला कधीच पटलेलं नाही.

फॉर्म गेला की पावती येते. ही पावती म्हणजे तपासणीची तारीख नाही, आणि फोन येईल म्हणून घरी बसणारे खूप आहेत. २०२४ च्या नव्या नियमांनी निर्णयाची मुदत तीन महिने केलीय (आधी एक होता), आणि दोन वर्षं काहीच झालं नाही तर अर्जच बाद होतो, नवीन करावा लागतो. मुदत ऑफिसची आहे, पण फेऱ्या तुम्हालाच माराव्या लागतात. सिव्हिलमध्ये बोर्डाचे वार ठरलेले असतात आणि मनोविकारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ कुठल्या वारी बसतात ते वेगळं विचारावं लागतं, ते आधी विचारूनच मुलाला घेऊन निघा.

आता तो कागद जो कोणाकडेच नसतो: मानसशास्त्रीय चाचणीचा रिपोर्ट. बोर्ड टक्के ठरवतं ते चाचणीवरून, ऑटिझमसाठी आयएसएए नावाची, बौद्धिक अक्षमतेसाठी बुद्ध्यांक आणि व्हीएसएमएस, म्हणजे मूल रोजची कामं स्वतः किती करतं ते मोजणारी चाचणी. सिव्हिलमध्ये मानसशास्त्रज्ञाचं पद भरलेलं असेल तर चाचणी तिथेच होते, नसेल तर "बाहेरून करून आणा". बाहेरून करायचीच असेल तर त्या व्यक्तीकडे आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी नंबर आहे का हे पैसे द्यायच्या आधी विचारा आणि रिपोर्टवर तो नंबर, सही, तारीख लिहून घ्या. "काउन्सेलर" अशी पाटी लावून रिपोर्ट देणारे पुष्कळ आहेत, बोर्ड तो कागद बाजूला सारतं आणि दोन-तीन हजार गेले ते गेले.

आणि चाचणीच्या खोलीत काय होतं ते सांगते. व्हीएसएमएसमध्ये बरेच प्रश्न आईलाच विचारतात. शर्टाची बटणं लावतो का? आई म्हणते लावतो. खरं म्हणजे ती शर्ट अंगात घालून देते, वरची दोन बटणं लावते, उरलेल्यापैकी एक तो दहा मिनिटांत लावतो. एकटा दुकानात जातो का? जातो. म्हणजे ती मागे दारात उभी राहून बघत असते. प्रत्येक आईला आपलं लेकरू चार लोकांत हुशार दिसावं असंच वाटतं, त्यात गैर काय आहे. पण इथे प्रत्येक "हो" ला गुण मिळतात आणि गुण वाढले की टक्के कमी होतात, शेवटी ४० च्या खाली. खोटं काहीच सांगायचं नाही, पण पूर्ण सांगायचं, मदत किती लागते ते. जाण्याआधी आठवडाभर वहीत लिहून ठेवा: जेवण, आंघोळ, संडास, कपडे, रस्ता ओलांडणं, रात्री किती वेळा उठतो.

सर्टिफिकेट आलं की लगेच वैधता वाचा. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला बौद्धिक अक्षमतेऐवजी विकासातला विलंब असं तात्पुरतं सर्टिफिकेट मिळतं, मोठं झाल्यावर परत तपासणी असते, आणि १८ ला पुन्हा. कार्ड प्लास्टिकचं आणि गुळगुळीत असतं म्हणून लोकांना ते कायमचं वाटतं. त्यावरची तारीख संपायच्या चार महिने आधी परत अर्ज टाका, कारण चाचणीचं सगळं चक्र पुन्हा फिरणार आहे.

आता निरामय. नॅशनल ट्रस्ट या केंद्राच्या संस्थेची योजना, वर्षाला एक लाखापर्यंत, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, ओपीडी आणि थेरपी दोन्हीचा खर्च त्यात येतो. नोंदणी दारिद्र्यरेषेखाली २५० रुपये, बाकीच्यांना ५००. ऑनलाइन स्वतः करा किंवा ट्रस्टकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत. इथे मुदत वाचण्यात सगळे चुकतात: विम्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असतं, तुम्ही नोंदणी केल्यापासून बारा महिने नाही. फेब्रुवारीत कार्ड काढलं तर ते मार्चअखेरच संपतं. दर वर्षी नूतनीकरण करायचं, विसरलात की त्या काळातली थेरपीची बिलं तुमच्याच खिशातून. बिल मागताना थेरपिस्टकडून तारीखवार पक्की पावती आणि सोबत डॉक्टरांची "स्पीच थेरपी द्यावी" अशी लिखित चिठ्ठी घ्या, चिठ्ठीशिवायची बिलं परत येतात. वर्षभराची बिलं पिशवीत साठवून शेवटी एकदम पाठवू नका, झालं की पाठवा. आणि बँक खात्यावरचं नाव, आधारवरचं नाव, सर्टिफिकेटवरचं नाव... परत तेच.

मूल १८ चं होणार असेल तर अजून एक काम आत्तापासून धरा. १८ पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप पालक राहत नाहीत, बँक आणि ऑफिसं कायदेशीर पालकत्वाचा कागद मागतात. तो १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून मिळतो, पण फक्त निरामयच्याच त्या चार प्रकारांना. समितीची बैठक कधी आहे ते कलेक्टर ऑफिसात विचारत राहावं लागतं, काही ठिकाणी ती महिनोन्‌महिने लागत नाही आणि तोवर पोराच्या नावावरचे पैसे अडकून राहतात. याला माझ्याकडे पाठपुराव्याशिवाय उत्तर नाही, तीन-चार पालकांनी मिळून एकत्र अर्ज दिला तर बैठक लवकर लागते एवढं बघितलंय.

या सगळ्या धावपळीत आईची झोप उडालेली असते, घरात भांडणं, नवरा म्हणतो तुझ्याच घराण्यात असेल. त्याच मनोविकार विभागात आईचाही केसपेपर निघतो, काढा. जाणं जमत नसेल तर टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येतं. घरात मुलाला मारहाण होत असेल, मूल धोक्यात असेल तर मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, १०९८.

आणि अर्ज नाकारला तर तोंडी "होणार नाही" ऐकून घरी येऊ नका. नाकारण्याचं कारण लेखी द्यावं लागतं, त्यासाठी नियमात आठ नंबरचा नमुनाच आहे, आणि कायद्याच्या कलम ५९ मध्ये अपिलाचा हक्क आहे. लेखी मागितलं की बऱ्याचदा तिथल्या तिथेच "थांबा, बघतो" होतं. नाहीच झालं तर तोच कागद अपिलाला जोडायचा.