लाल लघवी आणि सोलापूरचा उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जातो. उष्ण मुलखांत उन्हाळ्यात मुतखड्याचे रुग्ण वाढतात, तेव्हा सोलापूर त्याला अपवाद कसं असेल? यंत्रमागाच्या शेडमध्ये दिवसभर उभं राहणाऱ्याने पाणी प्यायलं तरी त्यातलं बरंचसं घामात जातं. कामाच्या जागी धड संडास नसला की बायका पाणी पिणंच टाळतात. मग लघवी थोडी आणि दाट होते. साखर कारखान्यात रस आटवत नेला की एका टप्प्यावर दाणा धरतो, तसे या दाट लघवीत कॅल्शियम आणि ऑक्झलेटचे स्फटिक धरतात. बहुतेक खडे याच जोडीचे असतात. काही युरिक अ‍ॅसिडचे, तर काही जंतुसंसर्गातून होतात.

खडा टोचतो म्हणून दुखतं, असं वाटतं. खरी कळ येते ती लघवी अडल्यामुळे. मूत्रवाहिनी आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असते. तिच्यात खडा अडकला की मागे लघवी तुंबते, मूत्रपिंड ताणलं जातं आणि कमरेतून जांघेकडे अशी कळ उठते की माणूस एका जागी बसू शकत नाही. सोबत थंडी वाजून ताप आला, तर वाट पाहायची नाही. अडलेल्या लघवीत जंतू वाढले की ते रक्तात पसरतात आणि जिवावर बेततं.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात. पानफुटीची पानं किंवा हुलग्याचं कढण यांना मिळणारं श्रेय बरंचसं याच खड्यांचं आहे. दूध बंद करण्याचा सल्ला मात्र उलटा आहे. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि ते शौचावाटे जातं. दूध-दही तोडलं की तेच ऑक्झलेट रक्तात शिरून मूत्रपिंडात पोहोचतं. कमी करायचंच तर मीठ करावं, कारण जास्त मीठ लघवीत जास्त कॅल्शियम ओढून आणतं. शेंगदाण्यात ऑक्झलेट बरंच असतं. चटणी सोडा असं सोलापूरकराला सांगायची माझी हिंमत नाही, पण ज्याला वारंवार खडे होतात त्याने ताटातली चटणी आवरावी, सोबत दही घ्यावं आणि दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यावं. लिंबू पिळलं तर बरंच, त्यातलं सायट्रेट स्फटिक धरू देत नाही.

मुतखडा घरोघरी माहीत असण्याचा एक तोटाही आहे. लघवी लाल दिसली की ‘उष्णता झाली’, ‘खडा असेल’ म्हणून लोक सब्जा आणि ताक पीत राहतात. कळ असेल तर निदान माणूस सोनोग्राफीपर्यंत जातो. दुखत काहीच नाही आणि लघवीत रक्त आहे, हे चाळिशीनंतर जास्त काळजीचं. मूत्रपिंडाचा किंवा मूत्राशयाचा कर्करोग असाच सुरू होऊ शकतो. रक्त एकदा दिसतं, मग कित्येक आठवडे दिसत नाही आणि माणसाला वाटतं, ताकाने बरं झालं. विडी-सिगारेट दोन्ही कर्करोगांचा धोका वाढवते. मूत्रपिंडाच्या बाबतीत लठ्ठपणा आणि उच्च रक्तदाबही त्यात भर घालतात.

खड्याची गाठ होत नाही. मात्र वर्षानुवर्षं आत राहिलेला मोठा खडा आणि सततचा जंतुसंसर्ग यांनी आतलं अस्तर चिडून तिथे क्वचित कर्करोग होतो, म्हणून दुखत नसला तरी मोठा खडा तसाच ठेवू नये. उलट, खड्यासाठी किंवा पित्ताशयासाठी केलेल्या सोनोग्राफीत मूत्रपिंडाची लहान गाठ अचानक सापडणं आता नेहमीचं झालं आहे. चार सेंटिमीटरपर्यंतची गाठ असेल तर बऱ्याचदा तेवढाच भाग काढून मूत्रपिंड वाचवता येतं.

लहान मुलांचं गणित वेगळं. त्यांच्यात खडा झाला तर केवळ उन्हाला दोष देऊन भागत नाही. चयापचयातला जन्मजात दोष, मूत्रमार्गाची रचना, पुन्हा पुन्हा होणारा जंतुसंसर्ग, हे सगळं तपासावं लागतं, आणि काढलेला खडा प्रयोगशाळेत पाठवावाच. मुलांमधला मूत्रपिंडाचा मुख्य कर्करोग म्हणजे विल्म्स ट्यूमर. मॅक्स विल्म्स या जर्मन शल्यविशारदाने 1899 मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. तो बहुधा पाच वर्षांच्या आत होतो. मूल खेळत असतं, आणि अंघोळ घालताना आईच्या हाताला पोटात एका बाजूला टणक गोळा लागतो. मोठ्यांच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगावर जुन्या पद्धतीची केमोथेरपी फारशी चालत नाही, या गाठीवर मात्र ती उत्तम चालते. नीट उपचार मिळाले तर दहापैकी सुमारे नऊ मुलं वाचतात. असा गोळा लागला तर जंताचं औषध देऊन बघू नये, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे जावं, आणि घरातल्या प्रत्येकाने पोट दाबून बघू नये. गाठ फुटली तर आजाराची पायरी वर जाते आणि मुलाला जास्त केमोथेरपी, शिवाय रेडिएशनही घ्यावं लागतं.